पीतबिंदूची चित्रे आणि त्यांची मापे

वार्धक्याबरोबर दृष्टी मंदावते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु सर्वच मंददृष्टी एका जातीची नसते. मोतीबिंदू झालेल्या मनुष्यास सारेच दृश्य धुक्याआड गेल्यासारखे दिसते. दुसरा एक विकार असा आहे की, त्यात दृश्याच्या कडा शाबूत राहतात आणि नेमका मध्य नाहीसा होतो. असा वृद्ध मनुष्य घरात कोठेही न अडखळता वावरतो. परंतु समोर उभ्या राहिलेल्या नातवाचा चेहरा त्याला ओळखू येत नाही. पोथीचे पान दिसते, पण ज्या अक्षरावर नजर टेकवावी तेच अक्षर पुसून जाते. दाराची सरळ चौकट मध्येच वाकल्यासारखी भासते. ह्या विकारास पीतबिंदूचा वयोजन्य ऱ्हास असे म्हणतात.

मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो व गेलेली दृष्टी बहुधा परत मिळते. पीतबिंदूच्या ऱ्हासात ज्या पेशी मेल्या त्या पुन्हा उगवत नाहीत. उरलेल्या पेशी वाचविणे एवढेच वैद्याच्या हाती असते. यास्तव ‘विकार आहे काय?’ ह्या प्रश्नाइतकाच ‘तो किती आहे, आणि गेल्या तपासणीनंतर वाढला काय?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हा प्रश्न मोजमापाचा आहे.

बंगळूर शहरात नेत्ररुग्णालयांची परंपरा जुनी आहे. तेथील मिंटो नेत्ररुग्णालयाचा आरंभ १८९६ साली झाला. १९८२ साली नारायण नेत्रालय सुरू झाले. त्यानंतर इतरही संस्था उभ्या राहिल्या. आज अशा मोठ्या रुग्णालयात पीतबिंदूचा विकार असलेला मनुष्य गेला, तर त्याच्या एकाच डोळ्याची तीनचार प्रकारची चित्रे काढली जाऊ शकतात. गंमत अशी की, विकाराचा विस्तार किती, ह्याविषयी ही चित्रे एकच उत्तर देतील असे नाही. ह्याचा अर्थ एखादे यंत्र बिघडले आहे, असा मुळीच नव्हे. प्रत्येक चित्र निराळ्या गोष्टीचे माप घेत असते. कोणते चित्र कशाचे माप घेते, हे समजले म्हणजे त्या उत्तरांतील विसंगती नाहीशी होते. ह्या पाठाचा विषय तोच आहे.

पीतबिंदू म्हणजे काय?

डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याची पद्धत आहे. ती मान्य केली, तर डोळ्याच्या मागील आतल्या बाजूस पसरलेले दृष्टिपटल ही त्या कॅमेऱ्यातील फिल्म होय. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे बारा कोटी शलाकापेशी अंधुक प्रकाशात काम करतात; सुमारे साठ लाख शंकुपेशी भर उजेडात व रंग ओळखण्याच्या कामी येतात. दृष्टिपटलाच्या मध्याशी सुमारे साडेपाच मिलीमीटर व्यासाचा, किंचित पिवळसर भाग असतो. हाच पीतबिंदू, डॉक्टर त्यास मॅक्युला म्हणतात. त्याच्या अगदी केंद्रस्थानी एक लहान खळगा असून तेथे शंकुपेशींची अत्यंत दाट गर्दी असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही सारी कामे ह्या खळग्यावर अवलंबून असतात.

प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मागे काळपट कणांनी भरलेल्या पेशींचा एकेरी थर असतो. त्यास रंजकस्तर म्हणू या. पुढील पेशींना पोषण पुरविणे आणि त्यांचा झिजलेला भाग गिळून टाकणे, ही त्याची कामे होत. रंजकस्तराच्या मागे ब्रूखचा पातळ पडदा, आणि त्याच्याही मागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असलेले पटल असते. घरात भांडी घासणारे, केर काढणारे आणि पाणी भरणारे माणूस एकच असावे, तसा हा रंजकस्तर आहे. तो थकला की कचरा साचू लागतो.

हा कचरा रंजकस्तर व ब्रूखचा पडदा यांच्या दरम्यान पिवळसर ठिपक्यांच्या रूपाने जमतो. ह्या ठिपक्यांना ड्रूसन असे नाव आहे. विकार पुढे गेला म्हणजे त्याच्या दोन वाटा होतात. पहिल्या वाटेत रंजकस्तराचे तुकडेच्या तुकडे मरतात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या शंकू-शलाकाही मरतात. हा कोरडा प्रकार होय. त्याची गती मंद असते. दुसऱ्या वाटेत मागील पटलातून नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या वर शिरतात व त्यांतून द्रव आणि रक्त पाझरते. हा ओला प्रकार होय. त्यात काही आठवड्यांतही दृष्टीची मोठी हानी होऊ शकते.

रामन् यांचा प्रयोग

आपलेच दृष्टिपटल आपणास पाहता येईल काय? हा प्रश्न बंगळुरातच एका थोर शास्त्रज्ञाने हाताळला होता. चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात दृष्टीच्या शास्त्राचा अभ्यास केला व १९६८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी वर्णिलेली युक्ती अगदी साधी होती. उजळलेल्या पांढऱ्या पडद्याकडे रंगीत गाळणीतून काही क्षण एकटक पाहावयाचे, आणि नजर न हलविता गाळणी झटकन बाजूस काढावयाची. गाळणीने जो रंग अडवून ठेवला होता तो एकाएकी डोळ्यात शिरतो, आणि पडद्यावर पाहणाऱ्याच्याच दृष्टिपटलाच्या मध्यभागाची मोठी आकृती क्षणभर उमटलेली दिसते.

रंगदृष्टीविषयी रामन् यांनी मांडलेली काही मते पुढे शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाहीत. तथापि, हा प्रयोग एक गोष्ट चांगली शिकवितो. ही आकृती ज्याची त्यालाच दिसते. ती दुसऱ्यास दाखविता येत नाही, जपून ठेवता येत नाही, आणि तिच्यावर मोजपट्टी ठेवता येत नाही. पाहणे, नोंद ठेवणे आणि मोजणे ह्या तीन निराळ्या पायऱ्या आहेत. दृष्टिपटलाच्या चित्रणाचा इतिहास हा ह्या तीन पायऱ्या चढण्याचा इतिहास आहे.

रंगीत छायाचित्र

दुसऱ्याच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५१ साली प्रसिद्ध केले. जिवंत मनुष्याच्या दृष्टिपटलाचे पहिले छायाचित्र १८८६ साली इंग्लंडमध्ये जॅकमन व वेब्स्टर यांनी घेतले. त्यासाठी रुग्णास सुमारे अडीच मिनिटे स्थिर बसावे लागले होते. नॉर्डेन्सन यांच्या रचनेवरून त्साइस कंपनीने १९२६ साली बनविलेल्या कॅमेऱ्याने हे काम व्यवहारात आणले. आजचा कॅमेरा क्षणार्धाच्या लख्ख प्रकाशात तीस ते पन्नास अंशांचा प्रदेश टिपतो.

रंगीत छायाचित्रात ड्रूसन पिवळे, रक्तस्राव लाल आणि मेलेला रंजकस्तर फिकट दिसतो. ड्रूसनांचा आकार हे येथील मुख्य माप होय. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. २०१३ साली तज्ज्ञांनी ठरविलेल्या वर्गवारीप्रमाणे ६३ मायक्रॉनपेक्षा लहान ठिपके वयपरत्वे येणारे समजावयाचे. ६३ ते १२५ मायक्रॉनांचे ठिपके असल्यास विकाराची प्रारंभीची अवस्था. आणि १२५ मायक्रॉनहून मोठे ठिपके किंवा रंजकाचे फेरफार असल्यास मधली अवस्था. १२५ मायक्रॉन ही मर्यादा ठेवण्यात एक सोय आहे. दृष्टीच्या मज्जातंतूच्या उगमाशी असलेल्या मोठ्या शिरेची रुंदी जवळपास तेवढीच असते. म्हणजे प्रत्येक छायाचित्रात निसर्गानेच एक मोजपट्टी ठेवलेली आहे.

ही वर्गवारी केवळ कागदावरची नव्हे. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्त यांचे मिश्रण घेणाऱ्या, मधल्या अवस्थेतील रुग्णांत विकार अखेरच्या अवस्थेस जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे एकचतुर्थांशाने घटला, असे त्यात आढळले. प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्णांना असा लाभ दिसून आला नाही. तेव्हा ठिपका १२५ मायक्रॉनच्या अलीकडे की पलीकडे, ह्या उत्तरावर औषध देणे न देणे अवलंबून राहते.

मोठ्या लोकसंख्येची पाहणी करावयाची असता रंगीत छायाचित्रासारखे सोपे साधन नाही. २००६ ते २००८ ह्या काळात नागपूरनजीकच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ ह्या पाहणीत तीस वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासण्यात आले, आणि पीतबिंदूच्या ऱ्हासाचे प्रमाण दृष्टिपटलाच्या छायाचित्रांवरून ठरविण्यात आले.

परंतु ह्या पद्धतीस मर्यादा आहेत. छायाचित्र सपाट असते. त्यात खोली नसते. मोतीबिंदू असल्यास ते धूसर येते. मेलेल्या भागाची कड अनेकदा अस्पष्ट असते, त्यामुळे दोन अनुभवी परीक्षकांनी आखलेल्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय ड्रूसनसारखेच दिसणारे, पण रंजकस्तराच्या वरच्या बाजूस साचणारे एक प्रकारचे जाळीदार संचय रंगीत छायाचित्रात सहज निसटतात. विकार पुढे जाण्याचा धोका त्यांनी वाढतो, म्हणून हे निसटणे क्षुल्लक नव्हे.

शिरेतून दिलेला रंग

अमेरिकेतील नोव्होटनी व अल्व्हिस ह्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९६१ साली एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. फ्लुओरेसीन नावाचे रंगद्रव्य हाताच्या शिरेतून टोचावयाचे आणि ते डोळ्यात पोहोचले की निळ्या प्रकाशात भराभर छायाचित्रे घ्यावयाची. फ्लुओरेसीन निळा प्रकाश शोषून हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर टाकते. निरोगी दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांतून ते गळत नाही. ओल्या प्रकारातील नव्या वाहिन्यांतून मात्र ते पाझरते, आणि चित्रात वाढत जाणारा उजळ डाग दिसू लागतो.

ही पद्धत रचनेचे माप घेत नाही, तर वाहिन्यांच्या गळतीचे माप घेते. ओला प्रकार ओळखण्यासाठी ती कित्येक दशके प्रमाणभूत मानली गेली. तिच्यात सुई टोचावी लागते. काहींना मळमळ होते, आणि क्वचित तीव्र ॲलर्जीही होऊ शकते. म्हणून ती दर महिन्यास करण्याजोगी नाही. इंडोसायनिन ग्रीन ह्या दुसऱ्या रंगद्रव्याने, अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने, मागील पटलातील खोल वाहिन्या दिसतात. आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळणारा, वाहिन्यांना मण्यांसारखे फुगवटे येण्याचा प्रकार ओळखण्यास ती विशेष उपयोगी पडते.

स्वयंदीप्तीचे चित्र

रंजकस्तराच्या पेशींत वयोमानाप्रमाणे लिपोफ्युसिन नावाचे, न पचलेले द्रव्य साठते. निळा प्रकाश पडला असता ते स्वतःच मंदपणे चमकते. बाहेरून रंग टोचावा लागत नाही. ह्या स्वयंदीप्तीचे चित्र घेण्याची तंत्रे १९९५ च्या सुमारास पुढे आली. पेशी जिवंत असेल तर चित्र करडे, पेशीत द्रव्य फार साचले असेल तर उजळ, आणि पेशी मेली असेल तर काळे.

कोरड्या प्रकारात मेलेल्या भागाचे क्षेत्रफळ मोजावयास हे चित्र फार सोयीचे आहे, कारण काळ्या डागाची कड ठसठशीत असते व संगणकासही ती आखता येते. त्यात एक अडचण मात्र आहे. पीतबिंदूचा पिवळा रंग निळा प्रकाश स्वतःच शोषून घेतो. त्यामुळे निरोगी डोळ्यातही केंद्रस्थान काळसर दिसते. मरणाची रेषा केंद्रापर्यंत पोहोचली की नाही, हा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा प्रश्न, आणि नेमक्या त्याच जागी हे चित्र संदिग्ध असते. अशा वेळी हिरव्या किंवा अवरक्त प्रकाशातील चित्राची जोड घ्यावी लागते.

प्रकाशाच्या प्रतिध्वनीने काढलेला छेद

वरील सर्व पद्धती दृष्टिपटलाकडे समोरून पाहतात. १९९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत जाहीर केली, ती दृष्टिपटलाचा जणू उभा छेद घेते. तिचे पूर्ण नाव ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी. व्यवहारात तिला ओ.सी.टी. म्हणतात.

विहिरीत दगड टाकून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजला, तर पाण्याची खोली काढता येते. प्रकाशाच्या बाबतीत ही युक्ती सरळ चालत नाही. दहा मायक्रॉन अंतर कापण्यास प्रकाशास निर्वातात सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्याही सुमारे तीस लाखाव्या हिश्शाएवढा वेळ पुरतो. इतका सूक्ष्म काळ मोजणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाही. म्हणून व्यतिकरणाचा आश्रय घेतात. अवरक्त प्रकाशाच्या झोताचे दोन भाग करून एक डोळ्यात व दुसरा ज्ञात अंतरावरील आरशाकडे पाठवितात. परत आलेले दोन्ही झोत एकत्र केले असता, दोघांनी कापलेले अंतर जवळजवळ समान असेल तरच त्यांच्या लहरी परस्परांत मिसळून ठळक पट्टे उमटवितात. त्यावरून कोणत्या खोलीवरून किती प्रकाश परतला, हे कळते.

पहिल्या पिढीच्या यंत्रांत खोलीतील सुमारे दहा मायक्रॉनांचा भेद कळत असे. आजच्या यंत्रांत तो पाचसात मायक्रॉनांपर्यंत कळतो. पूर्वीचे एक प्रचलित यंत्र सेकंदास चारशे उभ्या रेषा वाचीत असे; आजची यंत्रे हजारो, काही तर लाख रेषा वाचतात. ह्या छेदचित्रात दृष्टिपटलाचे थर भाकरीच्या पापुद्र्यांसारखे वेगळे दिसतात. थरांखाली साचलेला द्रव काळ्या पोकळीसारखा दिसतो, ड्रूसनांची उंची मोजता येते, आणि जाळीदार संचय रंजकस्तराच्या वर आहे की खाली, हेही कळते.

ओल्या प्रकारावरील उपचार ह्या चित्रामुळेच आजच्या स्वरूपात शक्य झाला. नव्या वाहिन्यांच्या वाढीस चालना देणाऱ्या प्रथिनास रोखणारी औषधे डोळ्यात टोचतात. त्यांपैकी रॅनिबिझुमॅब ह्या औषधास अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. बेव्हॅसिझुमॅब हे पुष्कळ स्वस्त औषधही दृष्टी टिकविण्यात त्याच्या तोडीचे आहे, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत दिसून आले. पुढचे इंजेक्शन केव्हा द्यावयाचे, हे बहुधा छेदचित्रातील द्रवावरून ठरते. सुई नको, रंग नको, काही मिनिटांचे काम. म्हणून दर भेटीस ते काढता येते.

२०१४ च्या सुमारास ह्याच तंत्राची एक शाखा रुग्णालयांत आली. एकाच जागेचे छेद लागोपाठ अनेकदा घ्यावयाचे. स्थिर ऊती प्रत्येक वेळी सारखी दिसते, वाहते रक्त मात्र बदलते. तेवढाच बदल वेचून वाहिन्यांचा नकाशा काढावयाचा. रंग न टोचता वाहिन्या दिसतात, हा त्याचा लाभ. परंतु हा नकाशा प्रवाह दाखवितो, गळती दाखवीत नाही. आणि फार मंद प्रवाह त्यातून सुटतो. तेव्हा फ्लुओरेसीनच्या चित्राची जागा तो पूर्णपणे घेतो, असे म्हणता येत नाही.

एकच डोळा, निराळी उत्तरे

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. मेलेल्या भागाची सीमा रंगीत छायाचित्र रंगावरून ठरविते, स्वयंदीप्तीचे चित्र पेशींतील चमकणाऱ्या द्रव्यावरून, आणि छेदचित्र थरांच्या अभावावरून. हे तिन्ही बदल एकाच दिवशी, एकाच रेषेवर घडत नाहीत. शेताच्या कडेचे पीक आधी पिवळे पडते, मग सुकते, मग जमीन उघडी पडते. ‘किती पीक गेले?’ ह्याचे उत्तर आपण काय मोजतो त्यावर राहील. तसेच हे आहे. २०१८ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने छेदचित्रावर आधारलेली व्याख्या सुचविली: रंजकस्तर किमान २५० मायक्रॉन रुंदीच्या भागात नाहीसा झालेला असावा, त्यावरील प्रकाशग्राही पेशींचा ऱ्हास दिसावा, आणि त्यामागे प्रकाश अधिक खोलवर शिरलेला दिसावा. अशा व्याख्येमुळे निदान एका पद्धतीपुरते सर्वांचे बोलणे एका भाषेत होते.

एकाच पद्धतीची दोन यंत्रेही एकच आकडा देतात असे नाही. दृष्टिपटलाची जाडी म्हणजे वरच्या पृष्ठापासून खालच्या रेषेपर्यंतचे अंतर. पण खालची रेषा कोणती? पहिल्या पिढीचे एक यंत्र ती प्रकाशग्राही पेशींच्या मध्यातील ठळक पट्ट्यावर धरीत असे. नंतरची काही यंत्रे ती ब्रूखच्या पडद्याशी धरतात. परिणामी एकाच निरोगी डोळ्याची जाडी एका यंत्रावर दुसऱ्यापेक्षा साठसत्तर मायक्रॉनांनी अधिक येऊ शकते. हा फरक लक्षात न घेता गेल्या वर्षीचा एका यंत्रावरील आकडा यंदाच्या दुसऱ्या यंत्रावरील आकड्याशी ताडला, तर नसलेली सूज दिसेल, किंवा असलेली सूज नजरेआड होईल. म्हणून रुग्णाने शक्य तो त्याच यंत्रावर तपासणी करावी, आणि यंत्र बदलल्यास जुन्या आकड्यांशी तुलना करू नये, हा नियम सांगितला जातो.

मोजपट्टीचा प्रश्न ह्याहूनही मूलगामी आहे. कॅमेरा मिलीमीटर मोजत नाही, तो कोन मोजतो. त्या कोनाचे दृष्टिपटलावरील अंतर डोळ्याच्या लांबीवर अवलंबून असते. सामान्य डोळा सुमारे २४ मिलीमीटर लांब असतो. जवळचेच दिसणाऱ्या मनुष्याचा डोळा २६ मिलीमीटरही असू शकतो. प्रचलित सूत्राने हिशेब केल्यास दुसऱ्या डोळ्यातील खरे अंतर त्याच कोनाला सुमारे नऊ टक्क्यांनी अधिक, आणि क्षेत्रफळ सुमारे एकोणीस टक्क्यांनी अधिक भरते. लांबीची दुरुस्ती न करता दोन मनुष्यांतील डागांची तुलना करणे म्हणजे प्रमाण न पाहता दोन नकाशांवरील गावांची अंतरे ताडणे होय.

क्षेत्रफळाचा सापळा

पुढील हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. समजा, दोन रुग्णांच्या डोळ्यांत गोल आकाराचे मृत डाग आहेत. एकाची त्रिज्या ०.५ मिलीमीटर, दुसऱ्याची १.५ मिलीमीटर. दोघांचीही कड वर्षात ०.२ मिलीमीटरने सरकली. पहिल्याचे क्षेत्रफळ ०.७९ चौरस मिलीमीटरवरून १.५४ वर गेले, म्हणजे वाढ सुमारे ०.७५. दुसऱ्याचे ७.०७ वरून ९.०८ वर गेले, म्हणजे वाढ २.०१. केवळ क्षेत्रफळ पाहणारा म्हणेल की, दुसऱ्याचा विकार अडीचपटीहून अधिक वेगाने वाढत आहे. प्रत्यक्षात विकाराची कड दोन्ही डोळ्यांत सारख्याच वेगाने सरकली आहे. क्षेत्रफळाचे वर्गमूळ घेतले असता दोन्ही ठिकाणी वाढ सारखीच, ०.३५ मिलीमीटर येते. म्हणूनच संशोधक पुष्कळदा क्षेत्रफळाऐवजी त्याचे वर्गमूळ वापरतात. यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी आकडा कोणता घ्यावयाचा, हा विचार मनुष्यासच करावा लागतो.

चित्र आणि दृष्टी

ह्या मोजमापाचे महत्त्व अलीकडे एका मोठ्या वादातून जगापुढे आले. कोरड्या प्रकारातील मृत डागाची वाढ मंदावणारी पेगसेटाकोप्लॅन व अव्हॅसिनकॅप्टाड पेगॉल ही दोन औषधे अमेरिकेत २०२३ साली मान्य झाली. ह्या औषधांच्या चाचण्यांतील मुख्य कसोटी स्वयंदीप्तीच्या चित्रातील काळ्या डागाची वाढ ही होती. पेगसेटाकोप्लॅनने ती वाढ सुमारे पंधरा ते वीस टक्क्यांनी कमी झाली. पण तक्त्यावरील अक्षरे वाचण्याच्या शक्तीत दोन वर्षांत स्पष्ट फरक दिसला नाही, आणि काही रुग्णांत ओला प्रकार उद्भवण्याचे प्रमाण वाढले. युरोपच्या औषध संस्थेने २०२४ साली ह्या औषधास मान्यता नाकारली. डागाची वाढ मंदावली, तरी त्याचा रुग्णाच्या जीवनात अर्थपूर्ण लाभ दिसत नाही, असे तिचे म्हणणे होते.

दोन्ही संस्थांपुढे चित्रे तीच होती. मतभेद होता तो चित्रातील चौरस मिलीमीटर आणि मनुष्याची दृष्टी ह्यांच्या नात्याविषयी. डाग केंद्रापासून दूर असेल, तर तो मोठा असूनही मनुष्य वाचू शकतो. लहान डाग केंद्रावर आला, तर वाचन थांबते. म्हणून केवळ क्षेत्रफळ पुरेसे नाही. डागाची जागा, अंधुक प्रकाशातील दृष्टी, वाचनाची गती आणि दृष्टिपटलाच्या एकेका बिंदूची संवेदनशीलता ही मापेही त्याच्या जोडीस असावी लागतात.

कॅमेरा खेड्याकडे

बंगळुरातील रुग्णालयांत सर्व यंत्रे असली, तरी सर्व रुग्ण बंगळुरात नसतात. ओ.सी.टी. यंत्र महाग असून ते चालविण्यास शिकलेला मनुष्य लागतो. रंगीत छायाचित्राचा कॅमेरा मात्र हलका व स्वस्त करता येतो. बंगळुरातच २०१० साली के. चंद्रशेखर व श्याम वासुदेव राव यांनी स्थापलेल्या फोरस हेल्थ ह्या कंपनीने ‘थ्री-नेत्र’ नावाचा असा कॅमेरा तयार केला. त्याच शहरातील रेमिडिओ ह्या कंपनीने मोबाइल फोनला जोडून दृष्टिपटलाचे छायाचित्र घेण्याचे साधन बनविले. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या दृष्टिपटलाची चित्रे जिल्ह्याच्या गावी घेऊन ती दूर बसलेल्या तज्ज्ञाकडे पाठविण्याची योजना नारायण नेत्रालयाने २००८ साली कर्नाटकात सुरू केली होती. ती पीतबिंदूच्या विकारासाठी नव्हती. परंतु तज्ज्ञ जागेवर राहतो आणि चित्र प्रवास करते, ही गोष्ट तिने सिद्ध केली.

चित्रे वाचण्याच्या कामी आता संगणकही येत आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार ओळखण्यास संगणकास १,२८,००० हून अधिक छायाचित्रांवरून शिकविण्यात आले. त्यातील भारतीय चित्रे पुरविणाऱ्या तीन रुग्णालयांत नारायण नेत्रालयही होते. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. सपाट छायाचित्रात थरांची खोली टिपलेलीच नसते. संगणकास त्यात सूजेच्या अप्रत्यक्ष खुणा ओळखता आल्या, तरी तो तिची जाडी प्रत्यक्ष मोजू शकत नाही. खेड्यातील कॅमेऱ्याचे काम संशयित रुग्ण निवडून वेळीच पुढे पाठविणे हे आहे. इंजेक्शनचा निर्णय छेदचित्राशिवाय घेणे इष्ट नव्हे. चाळणी आणि तराजू ह्यांची कामे निराळी, तसेच हे आहे.

सारांश

ठिपक्यांची संख्या व आकार पाहावयाचा असेल आणि पुष्कळ लोकांची पाहणी करावयाची असेल, तर रंगीत छायाचित्र योग्य. मेलेल्या भागाची वाढ वर्षानुवर्षे मोजावयाची, तर स्वयंदीप्तीचे चित्र. द्रव, सूज व थरांची स्थिती पाहून उपचार ठरवावयाचा, तर ओ.सी.टी. गळतीची खात्री करावयाची, तर फ्लुओरेसीन. खोल वाहिन्यांचे फुगवटे शोधावयाचे, तर इंडोसायनिन ग्रीन. ह्यांपैकी कोणतेही एक चित्र सर्वश्रेष्ठ नाही. प्रश्न कोणता, त्यावर साधन ठरते. आणि एकदा साधन ठरले की, पुढील प्रत्येक माप त्याच साधनाने व त्याच रीतीने घ्यावयास हवे. तरच कालच्या आणि आजच्या आकड्यांतील फरक हा डोळ्यातील फरक ठरतो.

घरी करावयाची चाचणी

स्विस नेत्रवैद्य आम्सलर यांच्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी कोणासही करता येते. कागदावर दहा सेंटीमीटरचा चौरस काढून त्यात पाच मिलीमीटरच्या अंतराने उभ्याआडव्या रेषा आखाव्यात व मध्यभागी ठळक ठिपका द्यावा. वाचनाचा चष्मा असल्यास तो घालून, कागद सुमारे तीस सेंटीमीटरवर धरून, एक डोळा झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहावे. मग डोळे बदलावेत. दोन्ही डोळे उघडे ठेवल्यास चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो, म्हणून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे. रेषा वाकड्या दिसल्या, अथवा मध्ये काही चौकोन नाहीसे झाले, तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. घरातील पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना विद्यार्थ्यांनी ही चाचणी करून दाखवावी. मात्र रेषा सरळ दिसल्या म्हणून डोळा निरोगीच आहे, असे समजू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. स्वयंदीप्तीच्या चित्रात निरोगी डोळ्याचेही केंद्रस्थान काळसर का दिसते?
२. दृष्टिपटलाची जाडी एका यंत्रावर २१० व दुसऱ्यावर २७५ मायक्रॉन आली. ह्यावरून सूज वाढली, असे म्हणता येईल काय? कारण सांगा.
३. १ मिलीमीटर त्रिज्येच्या गोल डागाची कड वर्षात ०.२ मिलीमीटरने सरकली, तर क्षेत्रफळातील व वर्गमुळातील वाढ काढा.
४. रक्ताचा प्रवाह दाखविणारे चित्र आणि वाहिन्यांची गळती दाखविणारे चित्र ह्यांतील भेद स्पष्ट करा.
५. मृत डागाचे क्षेत्रफळ मोठे असूनही एखाद्या मनुष्यास वाचता का येते?